विलासराव, तुमची ती हाफ

विलासराव,

तुमचे आप्पाकाका मला तुमच्या ओटीवरच म्हणाले, “मास्तर, तुमी त्याला पळायला लावलात. पन्नाशी उलटलेला माणूस. घरी बसला असता तर आज हाय असता.”

ओटीवर गावची, कंपनीतली बरीच माणसं बसली होती. कुणी मान वर केली नाही, कुणी काकांना गप्प केलं नाही. मी चपला काढायला वाकलो होतो, तो तसाच वाकलेला राहिलो. तुम्ही तिथं असता तर मोठ्यानं म्हणाला असता, “ओ काका, उलट हाय. मीच ह्या मास्तरला अंथरुणातून ओढून काढला.” आणि खरं तेच आहे. पण ते सांगणारा आता मी एकटाच उरलोय, आणि मीच आरोपी. माझं कोण ऐकणार?

म्हणून तुमच्याशीच बोलतोय.

आपण साडू. लग्नाकार्यात शेजारी-शेजारी बसवतात आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचत नाही, असं ते नातं. कितीतरी वर्षं आपलं बोलणं “पेणला पाऊस काय म्हणतो?” आणि “तुमची शिफ्ट कोणती?” याच्या पुढं गेलं नव्हतं. तुम्ही धाटावच्या कंपनीत शिफ्ट इनचार्ज, मी पेणच्या शाळेत विज्ञान शिकवणारा. सुनंदाताई थोरल्या, माझी ज्योती धाकटी. दोघी बहिणी स्वयंपाकघरात तासन्‌तास खिदळायच्या आणि आपण दोघं बाहेर खुर्च्यांवर पेपरची पानं वाटून घ्यायचो.

मग तुम्हाला शुगर निघाली. डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं, आणि तुम्हाला चालण्याचा कंटाळा म्हणून तुम्ही पळायला लागलात. हे मला ज्योतीकडून कळलं तेव्हा मी हसलो होतो. त्या दिवाळीला आपण सगळे खांब गावी सासऱ्यांच्या घरी होतो. उजाडायच्या आत तुम्ही माझी गोधडी ओढलीत. “उठा मास्तर, कोलाडच्या बाजूला जरा जाऊन येऊ.” मी म्हणालो, माझ्याकडे बूट नाहीत. तुम्ही म्हणालात, “माझे जुने आणलेत. तुमचा पाय मी बघून ठेवलाय.” पेट्रोल पंपाच्या पुढं मी मोरीच्या कठड्यावर बसलो तो उठेचना. मला वाटलं, आता हा माणूस सगळ्या सासरवाडीला सांगणार. तुम्ही कुणाला काही सांगितलं नाहीत. शेजारी बसलात, माझा श्वास जाग्यावर येईपर्यंत समोरच्या वालाच्या शेताबद्दल बोलत राहिलात.

तिथून सुरू झालं ते. कधी तुम्ही पेणला यायचात, कधी मी रोह्याला. बहुतेक वेळा नागोठण्यात गाठायचं, कारण ते दोघांना सोयीचं. तासन्‌तास शेजारी पळूनसुद्धा आपण एकमेकांना ‘अरे’ कधी म्हटलं नाही. ‘अहो’ म्हणतच एकमेकांना घाम दाखवला, उलट्या दाखवल्या, पायाची काळी पडलेली नखं दाखवली. तुमच्या धाकटीच्या लग्नाची काळजी तुम्ही मला भिसे खिंडीच्या चढावर सांगितलीत, कारण चढावर माणूस समोर बघतो, शेजाऱ्याकडे बघत नाही.

फुल मॅरेथॉनचं, म्हणजे बेचाळीस किलोमीटरचं, तुम्ही ठरवलंत. तक्ता मी केला. कोणत्या रविवारी किती, कोणत्या आठवड्यात कमी, तुमची नाईट असेल तर कोणता दिवस सोडायचा, सगळं फोनवर बसवलं. तुम्ही तो कधी उघडून बघायचा नाहीत. शनिवारी फोन करायचात, “मास्तर, उद्या काय शिक्षा हाय?”

आणि मग नागोठण्याच्या त्या टपरीवर तुम्ही चहाचा पहिला घोट घेऊन म्हणालात, “मधल्या एका रविवारी अलिबागकडं हाफ हाय. दोघांची नावं टाकून ठेवलीत.”

मी फोन काढून बघितलं. त्या रविवारी तक्त्यात तीस किलोमीटर होते, सगळ्यात लांबचा रन. तरी मी म्हणालो, हरकत नाही, बसवू. शर्यतीआधी पाच किलोमीटर हळू पळायचं, मग हाफचे एकवीस फुलच्या पेसनं, म्हणजे फुलसाठी ठरवलेल्या बेताच्या वेगानं, संपल्यावर पुन्हा तीन-चार हळू. लांबचा रनही होईल, गर्दीत पळायची, पाणी घेत पळायची सवयही होईल.

तुम्ही ग्लास खाली ठेवलात. “म्हंजे छातीवर नंबर लावायचा, मेडल घ्यायचं, आणि पळायचं बैलगाडीसारखं?”

“फुल पाच आठवड्यांवर असेल. जोरात पळालात तर पाय मोकळे व्हायला आठ-दहा दिवस जातात. मग तीसचा रन कधी करणार?”

“फुडच्या रविवारी.”

“पुढच्या रविवारी पाय जडच असणार.”

“जड तर जड. पाय माझे हायत.”

“असं नसतं विलासराव. आपण फुलची तयारी करतोय. ही हाफ त्या तयारीतला एक दिवस. ती परीक्षा नाही.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते मला अजून दिसतं. “तुमी मास्तर लोक,” तुम्ही म्हणालात, “सगळ्या जन्माची सराव परीक्षा करता. खरा पेपर कधी लिवनार?”

मला ते लागलं. मीही गप्प बसलो नाही. म्हणालो, तुम्हाला सगळीच शर्यत वाटते, शुगरची गोळीसुद्धा तुम्ही कुणाशी तरी पैज लावून सोडली होतीत. टपरीवाला गाळणं धरून तसाच उभा राहिला. तुम्ही मोटरसायकलला किक मारलीत आणि रोह्याच्या रस्त्याला लागलात. मी पेणच्या एसटीची वाट बघत उभा राहिलो. पुढचा आठवडा तुमचा फोन नाही, माझा नाही. ज्योती म्हणाली, “शोभतं का तुम्हाला? भांडण कशावरून, तर हळू पळायचं की जोरात!” तिकडे सुनंदाताईही तुम्हाला हेच म्हणत असणार.

मग मीच नमतं घेतलं. शाळेतल्या मधल्या सुट्टीत बसून तक्ता बदलला. हाफ तुम्हाला हवी तशी, जीव खाऊन. पुढचा रविवार अगदी हलका. आणि तीसचा रन त्याच्याही पुढच्या रविवारी. मी स्वतः माझ्या पद्धतीनंच पळणार होतो, पण ते तीस पुन्हा दोघांनी एकत्र करू असं लिहिलं. तुमचा नुसता अंगठा आला. संध्याकाळी फोन आला, “मास्तर, वालाच्या शेंगा तयार व्हायला लागल्यात. आपली फुल झाली की शेतावर मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावू.” भांडणाचा उल्लेख नाही. आपण तसेच होतो.

आता ओटीवर बसून माणसं म्हणतात ते मला जितकं टोचत नाही तितकं हे टोचतं. तक्ता मी पहिल्यासारखा ठेवला असता, तर हाफनंतरच्या त्या दुसऱ्या रविवारी फक्त बारा किलोमीटर होते. तुम्ही कुंडलिका नदीच्या काठानं पळून, येताना पाव घेऊन घरी आला असता. खिंडीत तुमचं काही काम नव्हतं.

त्या सकाळी आपण तुमच्या घरूनच निघालो. रोह्याहून नागोठण्याला जायचं, टपरीवर पाणी प्यायचं आणि परत. जाताना तुम्ही नेहमीसारखे बोलत होतात. परतताना गप्प झालात. मी विचारलं, “पाय कसे आहेत?” तुम्ही म्हणालात, “हायत अजून.” खिंडीचा चढ आपण सोबत चढलो. माथ्यावर तुम्ही म्हणालात, “उतारावर मी जरा सोडतो अंग,” आणि पुढं गेलात. उतार हा तुमचा जुना लाड. मी गुडघ्याला जपत मागून येत होतो. वळणापलीकडे तुम्ही दिसेनासे झालात.

मग ब्रेकचा आवाज आला. त्यानंतरचा जो आवाज होता तो मी कुणाला सांगितलेला नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

मी पळालो. इतकी वर्षं पळतोय, पण तसा कधी पळालो नव्हतो. वळणावर पिकअप तिरकी उभी होती. सूर्य माझ्या पाठीशी होता, म्हणजे समोरून चढणाऱ्या त्या गाडीवाल्याच्या थेट डोळ्यांत आला असणार. तो माणूस पळून गेला नाही, विलासराव, हे तुम्हाला सांगायला हवं. माझ्याच वयाचा होता. खाली उतरून तुमच्याजवळ बसला होता आणि “दादा, ओ दादा” इतकंच म्हणत होता. आम्ही दोघांनी तुम्हाला उचललं, त्याच्याच गाडीत मागं ठेवलं. त्याला चावी लागेना. मी ओरडलो त्याच्यावर. वर्गात कधी ओरडलो नाही असा ओरडलो.

तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्या मनगटाकडे बघितलंत आणि म्हणालात, “घड्याळ थांबवा मास्तर. पेस बिघडंल.”

मी थांबवलं. काय करणार? बटण दाबलं आणि तुम्हाला दाखवलं. तुम्ही मान हलवलीत.

रोह्याच्या दवाखान्यात त्यांनी जमेल ते केलं आणि मुंबईला न्या म्हणाले. ॲम्ब्युलन्समध्ये तुमच्या एका बाजूला सुनंदाताई, दुसऱ्या बाजूला मी. मी काचेतून रस्ता मोजत होतो. नागोठणं गेलं. मला एकच वाटत होतं की एकदा वडखळ येऊ दे, वडखळच्या पुढं रस्ता बरा आहे, मग पेण, पेणला माझी ओळखीची माणसं आहेत, मग पनवेल. जणू पेणपर्यंत तुम्हाला आणलं की पुढचं मी बघून घेणार होतो. सुनंदाताई तुमच्या कपाळावर हात ठेवून बसल्या होत्या. वडखळ नाक्याच्या अलीकडे त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “प्रमोदराव, ह्यांचा हात गार का लागतोय?”

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सगळं होईपर्यंत नाही. मी रोज रोह्याला येत होतो, पाणी भर, मांडव बघ, कुणाला स्टेशनवरून आण, असं करत होतो. त्या समोरून गेल्या तरी नजर देत नव्हत्या. आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता, जो मी ज्योतीलाही विचारला नाही. तुमचे पाय जड होते का? ती हाफ तुम्ही जीव खाऊन पळाला होतात, त्याला दोनच आठवडे झाले होते. ताजे पाय असते तर तुम्ही उडी मारून बाजूला झाला असता का? नुसत्या एका पावलाचा प्रश्न होता. डॉक्टर हे सांगू शकत नाहीत. त्या पिकअपवाल्याला मी विचारलं, तो म्हणाला, “ते दिसले आणि झालंच.” तुम्ही एकटेच सांगू शकला असता. आणि तुम्ही खरं सांगितलं नसतंत. “पाय फस्क्लास व्हते,” असंच म्हणाला असता, मला झोप लागावी म्हणून.

तेराव्याला जेवणं उरकली. आप्पाकाका मला ते ओटीवरचं बोलले ते त्याच दिवशी. मी वाकलेला सरळ होतोय तोच आतून तुमची धाकटी आली. “काका, आईनं बोलावलंय. एकट्याला.”

विलासराव, मी शाळेत इन्स्पेक्शनला उभा राहिलोय, पोलिसांसमोर पंचनाम्याला उभा राहिलोय, पण मागच्या खोलीपर्यंतचं ते अंतर माझ्यानं कापवेना. सुनंदाताई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. शेजारी तुमच्या आत्या. ताईंनी मला खुर्ची दाखवली.

“तो लांबचा रन त्या रविवारी कुणी ठेवला?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो. “आधी तो हाफच्या दिवशी होता. त्यांना हाफ जोरात पळायची होती, म्हणून पुढं ढकलला.”

आत्यांनी तोंडाला पदर लावला.  मी वाट बघत होतो. ताई काय म्हणतील त्याला माझी तयारी होती, असं मला वाटत होतं. तयारी अजिबात नव्हती.

“त्या हाफवरून आले ना,” ताई म्हणाल्या, “तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. हे दारात उभे राहून सांगायला लागले. मी म्हटलं, आधी आंघोळ करा, मग सांगा. मग कंपनीतून फोन आला, मग पाव्हणे आले. नंतर दोनदा सांगायला बसले, मी कायतरी करतच होते. हूं हूं केलं.” त्या माझ्याकडे वळल्या. “मला ती हाफ सांगा, प्रमोदराव.”

आत्या म्हणाल्या, “सुनंदा, आता कशाला गो ते? नको त्या आठवणी.”

“आत्या, तुमी जरा बाहेर बसा,” ताई म्हणाल्या. “मला ऐकायचं हाय.”

मग मी सांगितली.

सांगितलं, की त्या दिवशी अंधारातच मी ठरल्याप्रमाणे आधीचे पाच किलोमीटर करायला एकटा निघालो, आणि घामानं भिजून परत आलो तर तुम्ही खजूर खात उभे. म्हणालात, “झाली का मास्तर तुमची पहिली पंगत?” सांगितलं, की गर्दीत तुम्ही अनोळखी माणसांना “बेस्ट लक हां” म्हणत फिरत होतात, आणि एका पोरीच्या बुटाची नाडी सुटलेली तुम्हीच तिला दाखवलीत. ताईंनी विचारलं, “कानटोपी घातली होती का?” मी म्हणालो, घातली होती, पहिल्याच पाण्याच्या टेबलावर एका बाईंच्या हातात दिली, “जपून ठेवा, येताना नेतो,” म्हणून. ताई म्हणाल्या, “तरीच. मी घरभर शोधतेय.”

सुरुवातीला तुम्ही माझ्यासोबत पळत होतात. तुमचा पेस नव्हता तो, भांडण मिटल्याची ती भरपाई होती, हे मला कळत होतं. तुमच्या पायांना थांबवलेल्या बैलासारखी ओढ लागली होती. सुरूच्या झाडांची रांग सुरू झाली तिथं तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, “मास्तर, जाऊ का?”

माझा राग अजून थोडा शिल्लक होता. मी म्हणालो, “तुमचे पाय, तुमची मर्जी.”

तुम्ही गेला नाहीत. आणखी बरंच अंतर तसेच माझ्या बरोबरीनं आलात. मग पुन्हा विचारलंत, “जाऊ का?” तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. शाळा अवचित लवकर सुटल्यावर पोरांची होते तशी तुमची मुद्रा झाली होती. मला हसू आलं. म्हणालो, “अहो, जा आता.”

“येतो हां,” तुम्ही म्हणालात, आणि सुटलात.

हे सांगताना मला थांबावं लागलं. ताईंनी पाणी पुढं केलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, “मग?”

मग मी माझ्या पेसनं पळत राहिलो, ठरवल्याप्रमाणे. तुम्ही गर्दीत बराच वेळ दिसत होतात, तो एक खांदा जरा वर ठेवून पळण्याची तुमची ढब लांबूनही ओळखू येते. शेवटच्या पट्ट्यात रस्त्याकडेला कुणीतरी आडवं पडलेलं, भोवती माणसं.  वाकून बघितलं, तुम्ही नव्हता. मी तिथून जो निघालो तो तक्ता-बिक्ता विसरून, तुम्ही कुठं आहात ते बघायला.

तुम्ही शर्यत संपते तिथं उभे होतात. उभे म्हणजे एका खांबाला धरून. एक बूट पायात, एक हातात. कॉलरवर मिठाचे पांढरे ओघळ. उजव्या पोटरीत गोळा आलेला, पाय टेकवत नव्हता. आणि तसेच लंगडत तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला टाळी देत होतात, ओळख ना पाळख. मी आलो तर माझ्या गळ्यातच पडलात. आपण साडू, गळ्यात कधी पडलो होतो? म्हणालात, “मास्तर, शेवटच्या दोन किलोमीटरला मला कायबी दिसत नव्हतं. नुसता पळत व्हतो. असं मी कंदी पळालो नव्हतो वो. शाळेत पण नाय.”

“रडले का?” ताईंनी विचारलं.

“थोडे,” मी म्हणालो.

ताई हसल्या. मोठ्यानं नाही, पण हसल्या, आणि मग तोंडावर दोन्ही हात घेऊन बसल्या. बाहेर ओटीवरचं बोलणं थांबलं होतं. आप्पाकाका दारापर्यंत येऊन उभे राहिले होते. त्यांनी किती ऐकलं मला माहीत नाही. ते आत आले नाहीत. बाजूला सरून मला वाट दिली.

पेणला परतताना गाडीत ज्योतीनं विचारलं, ताई काय म्हणाली? मी म्हणालो, शर्यत सांग म्हणाली. 

फुल जवळ आलीय. पळेन की नाही, ठरलेलं नाही. बूट दारात आहेत आणि मी त्यांच्या बाजूनं ये-जा करतो. पण त्या टपरीवर सराव परीक्षा की खरा पेपर हे जे अर्धवट राहिलं होतं, त्याचं माझ्याकडचं उत्तर तुम्हाला देऊन ठेवतो. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी मनात तो तक्ता पुन्हा करायला बसतो. तीसचा रन इकडे सरकवतो, तिकडे सरकवतो, आठवडे बदलून बघतो. त्या रविवारी कुठलाच रन ठेवत नाही. तुम्हाला खिंडीत पाठवत नाही. हाफला मात्र मला हात लावता येत नाही, विलासराव. ती जिथं आहे तिथंच ठेवतो, आणि तुम्हाला जोरात पळू देतो.